वीज गेली त्या दिवसाचं कार्ट्रिज

कसालच्या तिठ्यावर सहा आसनी रिक्षा उभी होती आणि बाबली ड्रायव्हर तिला टेकून बडीशेप चघळत होता.

"गाडी भरल्याशिवाय सुटूची नाय," त्याने कोणीही न विचारता जाहीर केलं. सहा आसनी रिक्षा बाबलीच्या मते अकराव्या माणसाला भरायची. आत्ता सात झाली होती.

सातवी होती ऋता. राहणार वालावल, शिक्षण एम.एस्सी., आणि स्वभावाने इतकी घाबरट की तिची कीर्ती तालुक्याबाहेर गेली होती. तिला विजेची भीती वाटायची, विहिरीची वाटायची, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटायची, आणि ओळखीच्या नंबरवरून अवेळी आलेल्या फोनची त्याहून जास्त. रिक्षातही ती दाराजवळ बसायची नाही, कारण पडू. आतल्या कोपऱ्यातही बसायला नको वाटायचं, कारण रिक्षा उलटली तर बाहेर कसं पडणार? मग ती रोज दोन्हींचा विचार करून कोपऱ्यातच बसायची आणि दाराकडे बघत राहायची.

आठवा आला तो हातात पांढरी थर्माकोलची पेटी घेऊन. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. पेटी मांडीवर घेऊन तो ऋताच्या समोर बसला, आणि एखाद्या आजारी माणसाची नाडी बघावी तसा पेटीवर हात ठेवून राहिला.

"निघणार कधी?" त्याने विचारलं. मराठी एकदम पुण्याची.

"भरली काय."

"किती कमी आहेत?"

"तीन."

"मी तिघांचे पैसे देतो. निघू या का?"

बाबलीने त्याच्याकडे दयेने बघितलं. "पैशान गाडी भरणा नाय दादानु. माणसान भरता."

त्याने घड्याळ बघितलं, मग पेटी बघितली, मग झाकण जरासं उचललं. फक्त एक बोटभर. आणि पेटीतून पांढरा धूर बाहेर आला. भरपूर आला. रिक्षाच्या तळाशी लोळत, लोकांच्या चपलांवरून वाहत, एखाद्या पौराणिक नाटकात देव प्रकट व्हायच्या आधी येतो तसा.

"बॉम्ब!" कोणीतरी ओरडलं.

रिक्षा एका क्षणात रिकामी झाली. एक आजोबा, ज्यांना चढवायला दोन माणसं लागली होती, ते उडी मारून सगळ्यांत पुढे पळाले. बाबली थेट जांभा दगडाच्या कुंपणाच्या गडग्यामागे गेला.

आत उरले दोघं. पेटीवाला आणि ऋता.

"घाबरू नका… नुसता कोरडा बर्फ आहे," तो म्हणाला. मग त्याने नीट बघितलं. "अरे, तुम्ही पळाला नाहीत!"

ऋता पळाली नव्हती कारण तिचे पाय गेले होते. कमरेखाली आपल्याला काही आहे की नाही याची तिला खात्री नव्हती. पण तो तिच्याकडे अशा नजरेने बघत होता की… की खरं सांगणं जमेना.

"नाही," ती कशीबशी म्हणाली.

"कमाल धीट आहात तुम्ही."

सव्वीस वर्षांत हे वाक्य तिला कोणी म्हटलं नव्हतं. तिने ते परत करायला हवं होतं. तिने ते ठेवून घेतलं.

गडग्यामागून बाबलीचं डोकं वर आलं. "आता नऊ जण कमी आसत," तो म्हणाला.

पेटीत बर्फाखाली एका मशीनची चार कार्ट्रिज, म्हणजे गोठवलेल्या रसायनांच्या डब्या होत्या, आणि ती वितळली तर संपलंच, हे त्याने तिला घाईघाईत सांगितलं. कुठे जायचंय हेही सांगितलं. भाईंची नर्सरी, जिथे ऋताही कामाला होती. ऋताचे पाय एव्हाना परत आले होते. पेटीला दोन बाजूंना दोन पट्टे होते. एक त्याने धरला, एक तिने, आणि दोघं आतल्या रस्त्याने चालत निघाले. पेटी मधे, धूर मागे. बांधावरच्या म्हशीही बाजूला झाल्या.

*

त्याचं नाव विश्वेश. पुण्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर. कंपनी विकायची टेबलावर मावणारं डीएनए सिक्वेन्सर. म्हणजे झाडाचं पान द्या, ते झाड नक्की कुठल्या जातीचं हे मशीन सांगणार. मशीन आधीच येऊन पडलं होतं. दिसायला पाव भाजायच्या भट्टीएवढं.

भाईंना ते हवंच होतं. चार वर्षांपूर्वी नेलेलं काजूचं कलम फळाला आलं की एखादं गिऱ्हाईक परत यायचं आणि म्हणायचं, "भाई, ही ती जात न्हय!" चार वर्षांनी कोण सिद्ध करणार? म्हणून भाईंना पाटी लावायची होती: 'डीएनए तपासलेली कलमं मिळतील'. पाटी रंगवूनही झाली होती.

प्रश्न एकच होता. मशीन फुकट मिळणार होतं. कंपनी म्हणत होती, ठेवा तुमच्याकडेच, फक्त तीन वर्षं ठरलेली कार्ट्रिज आमच्याकडून घ्या. आणि एका कार्ट्रिजला एक जुनी, पण चालू स्थितीतली स्कूटर येईल एवढे पैसे पडायचे. भाईंनी रुपयांत मोजणं सोडूनच दिलं. "म्हयन्याक किती स्कूटरी?" एवढंच ते विचारायचे.

भाई आधी देवळात जाऊन आले होते. देवाला कळ्या लावून कौल घेतला. उजवी पडली तर मशीन घ्यायचं, डावी पडली तर नाही.

"मगे?" ऋताने विचारलं होतं.

"उजवी पडूक नाय, डावी पडूक नाय. दुपार झाली. गुरव म्हणालो, भाई, देवाक ह्यो विषय नवीन आसा." भाईंनी तिच्याकडे बोट केलं. "म्हणान आता तू सांग. जिल्ह्यात तुझ्यापेक्षा भियाणारा कोण नाय. काय काय बिघडात ता तुकाच पयला सुचतला. सगळो खर्च काढ. नर्सरीतली बारा बायकामाणसा त्येच्यावर आसत, ध्यानात ठेव."

देवाने हात वर केलेलं प्रकरण आपल्या टेबलावर आलंय, या विचाराने ऋता त्या रात्री जेवली नव्हती.

आणि आता त्या टेबलाच्या पलीकडे विश्वेश येऊन बसला. महिनाभरासाठी. मशीन चालवून दाखवायला.

"विचारा," तो म्हणाला. "काय वाट्टेल ते विचारा."

हे तिला कोणी म्हणू नये.

"लाइट गेली तर?"

"यूपीएस."

"यूपीएस बंद पडला तर?"

"जनरेटर."

"जनरेटरमधलं डिझेल संपलं तर?"

"मी पळत जाऊन आणेन."

"वाटेत पडलात तर?"

"तर…" त्याने पेन दोन बोटांत फिरवलं. "तुम्ही आहात ना? उचलाल."

ऋताने मान खाली घातली. कागदावर खर्चाचे रकाने होते: रसायनं, वीज, एसी, दुरुस्तीचा करार. 'पडल्यास उचलणे' याला रकाना नव्हता. तिचे कान तापले. हे ताप येण्याचं लक्षण असू शकतं, असं तिला वाटलं, आणि तिने घरी जाऊन थर्मामीटर लावला. ताप नव्हता. मग ती जास्तच घाबरली.

दिवस सरकत गेले. एका कार्ट्रिजवर चोवीस नमुने बसायचे. चोवीस टाका नाहीतर एक टाका, कार्ट्रिज तेवढंच संपायचं. भाईंची मूळ झाडं सतराच होती. सात जागा रिकाम्या सोडायच्या? अख्खी नर्सरी हळहळली. कलमं बांधणारी तुळसा आपल्या परसातल्या फणसाचं पान घेऊन आली. भाईंनी देवळामागच्या वडाचं आणलं. बाबलीने गाडीच्या आरशाला बांधलेल्या लिंबाचं पान दिलं. आणखी तिघींनी हाताला लागेल ते पान आणलं. शेवटची एक जागा उरली, तेव्हा विश्वेशने बॅगेतून एक आंबा काढला. पिवळाधमक, देठाशी लाली, आणि लाकडी.

"आईने रंगवलाय," तो म्हणाला. "ह्याचा भुगा टाकू."

"तुमची आई पुण्यात लाकडी आंबे रंगवते?"

"अं… हो. छंद आहे."

त्याने चाकूने देठाजवळ इतकं हळुवार खरवडलं, की ऋता मशीनकडे बघायचं सोडून त्याच्या बोटांकडेच बघत राहिली. मशीनने बाकी सगळ्यांची उत्तरं दिली. भाईंची सतराही झाडं अस्सल निघाली. लाकडी आंब्यावर मशीनने मौन पाळलं.

*

मग आला तो दिवस. ऑक्टोबरचा शेवट, परतीच्या पावसाचे ढग. दुपारी तीनला डोंगरामागून काळं आलं आणि कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरल्या. मशीनमध्ये तिसरं कार्ट्रिज चालू होतं. अर्ध्यावर. मध्येच थांबवता येत नाही, परत सुरू करता येत नाही. वितळलेलं पुन्हा गोठवता येत नाही.

पहिली वीज पडली तेव्हा ऋता टेबलाला धरून उभी होती. दुसरी पडली तेव्हा दिवे गेले. यूपीएस चिमणीसारखा चिवचिवायला लागला.

"जनरेटर!" विश्वेश धावला. ती मागोमाग. का गेली? तिला माहीत नव्हतं. तिच्या आयुष्यात विजा चमकत असताना ती फक्त एकाच दिशेने जायची, कॉटखाली. पण आत्ता ती पावसात, शेडच्या पत्र्याखाली, जनरेटरवर छत्री धरून उभी होती आणि तो दोरी ओढत होता. एकदा. दोनदा. जनरेटर खोकला आणि गप्प झाला.

"डिझेल आहे?"

"आहे!"

"मग?"

"माहीत ना—"

तिसरी वीज समोरच्या माडावर पडली. अख्खं जग पांढरं झालं. माडाच्या शेंड्याने पेट घेतला आणि तो आवाज… तो आवाज छातीच्या आत झाला.

"आवशीक खाव!" विश्वेश किंचाळला आणि ऋताला घट्ट धरून खाली बसला.

छत्री उडून गेली. तो थरथरत होता. ती थरथरत होती. कोण कोणाला धरून आहे हे सांगता आलं नसतं. त्याच्या ओल्या शर्टाला साबणाचा आणि डिझेलचा वास येत होता. त्याचं हृदय तिच्या कानाशी इतकं जोरात धडकत होतं की तिला वाटलं, हे आपलंच. मग कळलं, दोन आहेत. पुढेमागे, पुढेमागे… आणि मग हळूहळू एकत्र.

आत यूपीएसची चिवचिव थांबली. मशीन मेलं. कार्ट्रिज गेलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"काही नाही."

"पुण्यात अशा मालवणी शिव्या देतात?"

माडाचा शेंडा धुमसत होता. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी सावंतवाडीचो. लाकडी आंबे रंगवणा आईचो छंद नाय, धंदो आसा. कंपनीत म्हणतात, गिऱ्हाइकाशी शुद्ध बोला, विश्वास बसतो."

ऋताला हसू यायला लागलं. भिजलेली, थरथरणारी, दातावर दात वाजत असलेली ऋता हसायला लागली, आणि तोही. तुळसा टॉर्च घेऊन बघायला आली तेव्हा दोघं चिखलात बसून हसत होते. तुळसाने टॉर्च बंद केला आणि आल्या पावली परत गेली.

जनरेटरचं बटण 'बंद'वर होतं, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "भाईंनी मशीन घेतलं तर मला कोकणासाठी ठेवतील. कुडाळात. नाही घेतलं तर… गुवाहाटी."

"गुवाहाटी लांब आहे?"

"इथून पुढे सगळंच लांब आहे," तो कपात बघत म्हणाला.

ऋतानेही आपल्या कपात बघितलं. विहिरीत डोकावून बघावं तसं.

*

ऋताने हिशोब पूर्ण केला. महिन्याला दीड स्कूटर. परवडत होतं. अगदी काठावर, पण परवडत होतं. भाई खूश. विश्वेशच्या मोठ्या मॅडम, विनीता, सह्यांसाठी पुण्याहून यायच्या होत्या. उद्याच.

त्या संध्याकाळी ती परत बाबलीच्या रिक्षात बसली होती. माणसं चार. बाबली बडीशेप चघळत.

"बाबलीदादा, आज चौघांवर सोडा ना," ती म्हणाली.

"सोडतंय. पण डिझेल अकरा जणांचाच जळतला. मगे म्हयन्याभरान ही गाडी विकूची लागतली आणि तू चलत जातलंस."

ती हसली. आणि हसता हसता थांबली.

चोवीस. तिने प्रत्येक कार्ट्रिजवर चोवीस नमुने धरले होते. प्रत्येक, प्रत्येक वेळी गाडी भरलेली. पण भाईंकडे चोवीस नमुने जमायला दोन महिने लागणार! तेवढी वाट बघायची तर फ्रीजमध्ये कार्ट्रिजची मुदत संपणार, नाही बघायची तर सहा-सात नमुन्यांसाठी अख्खी स्कूटर जाळायची. दरवेळी तर वडाची आणि फणसाची पानं टाकून चालणार नाही.

आणि लाइट? कसालमध्ये, पावसाळ्यात? तिने वाया जाणारं एकही कार्ट्रिज धरलं नव्हतं. एकही नाही. ती! फ्रीजचं दार लागलंय का हे तीनदा बघणारी ती!

तिने कागद काढला, बोट फिरवलं. माडावर वीज पडली त्या दिवसाचं कार्ट्रिज, जे तिच्या डोळ्यांदेखत मेलं, तेही खर्चात नव्हतं. का नव्हतं? ती दिव्याच्या खांबाकडे बघत बसली. आणि उत्तर आलं, तसे तिचे पाय पुन्हा एकदा गेले.

ती दुपार वाया गेली, असं तिच्या मनाने धरलंच नव्हतं.

जिल्ह्यातली सगळ्यांत घाबरट मुलगी महिनाभर घाबरायला विसरली होती.

"काय गो, बरा वाटणा नाय?" बाबलीने विचारलं.

"खरो हिशोब सांगितलो तर…" ती पुटपुटली, आणि पुढचं बोलवेना. खरं सांगितलं तर तो गुवाहाटीला. नाही सांगितलं तर दोन वर्षांत नर्सरीला कुलूप. तुळसा घरी, बाराही जणी घरी. कोणाला कळलंही नसतं. आकडे नीटनेटके होते. चूक फक्त तिला माहीत होती.

घरी आई म्हणाली, चेहरा कसला झालाय तुझा. ती म्हणाली, डोकं दुखतंय. रात्रभर ती कुशीवर वळत राहिली, या कुशीवर नर्सरी, त्या कुशीवर तो.

*

विनीता मॅडम चांगल्या होत्या, हे सगळ्यांत वाईट झालं. त्या रागीट असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी सोलकढीची चौकशी केली, भाईंच्या पाटीचं कौतुक केलं आणि कागद पुढे सरकवले. विश्वेश कोपऱ्यात उभा होता, आज पुन्हा इस्त्रीच्या शर्टात. ऋताकडे बघून हसला. हलकं, ओठांच्या एकाच बाजूने. तिने नजर कागदांवर वळवली.

भाईंनी पेनाचं टोपण काढलं. "रुता, करू मा सही?"

आत्ता. आत्ता गप्प बसलं की झालं.

"नको," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की पंख्याखाली हरवला. म्हणून तिला तो धीर दुसऱ्यांदा गोळा करावा लागला, आणि ते जास्त अवघड असतं.

"भाई, सही करू नका. माझा हिशोब चुकलाय."

विश्वेशचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. ती त्याच्याकडे न बघता बोलत राहिली. रिकाम्या जागा. मुदती. पहिल्या वर्षानंतर महागणारा दुरुस्तीचा करार. पावसाळा. दीड स्कूटर नाही, चार. चारच्या वरच.

"म्हणजे बाबलीची गाडी रिकामी पळवल्यासारखा झाला," भाई म्हणाले.

"हो. मशीन चांगलं आहे. आपणच कमी पडतोय. नमुने जमवून पुण्याला पाठवू, ते परवडेल."

भाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "बरा. पण माका एक सांग. त्या दिवशी वीज गेली, एक स्कूटर जळली. ती तरी धरूची होतीस! ती कशी विसारलंस? तू? फ्रीजाचो दरवाजो तीनदा बघणारा माणूस तू!"

"भाई, ते…"

"नाय, माका कळाक होया. सगळा सांगतंस, ह्या कित्याक सांगनस नाय?"

दारात तुळसा चहाचा ट्रे घेऊन उभी. ऋताला वाटलं, जमीन फाटावी, पण नर्सरीची जमीन कातळाची, ती कसली फाटते.

"कारण…" तिने डोळे मिटले. "कारण ती वाया गेली असं मला वाटलंच नाही."

पंखा फिरत राहिला.

भाईंनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच मान वळवून विश्वेशकडे बघितलं. विश्वेश मशीनच्या वायरकडे इतक्या बारकाईने बघत होता की जणू ती आजच आली होती. कान लालबुंद.

"अगे बाई," तुळसा म्हणाली, आणि ट्रे कुठे ठेवावा हे न सुचून धरूनच उभी राहिली.

विनीता मॅडमनी चष्मा काढला. "विश्वेश. तू महिन्याचा अहवाल पाठवलास. त्यात जो रन अर्ध्यात मेला, त्याच्यापुढे तू लिहिलं होतंस, 'अत्यंत समाधानकारक'. मला वाटलं टायपिंगची चूक."

"नाही मॅडम," विश्वेश वायरला म्हणाला. "चूक नव्हती."

भाईंनी पेनाला टोपण लावलं. मॅडमनी कागद गोळा केले. जाताना त्या ऋताजवळ थांबल्या. "आकडे बरोबर आहेत तुमचे. तुमच्या जागी मीसुद्धा सही करू दिली नसती. हे मी बोलले नाही." मग दारातून वळून म्हणाल्या, "विश्वेश, मशीन टेम्पोने आजच मुंबईच्या गोदामात जाईल. तू त्यातूनच जा. मग गुवाहाटीचं बघू."

*

टेम्पोत मशीन चढलं. ड्रायव्हर दोरी आवळत होता. विश्वेश नेटच्या शेडपाशी आला, कलमांच्या रांगांमध्ये, जिथे ऋता एका काजूच्या कलमाची बांधलेली पट्टी उगाचच सोडून परत बांधत होती.

"मी तुम्हाला धीट समजत होतो, ते बरोबरच होतं," तो म्हणाला.

"त्या दिवशी रिक्षात माझे पाय गेले होते."

"काय?"

"पळता येत नव्हतं, म्हणून बसले होते. मी धीट नाही. मी कधीच नव्हते. आत्तासुद्धा…" तिने हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

त्याने आपला हात तिच्या हाताशेजारी धरला. तोही थरथरत होता. दोघं काही वेळ दोन थरथरत्या हातांकडे बघत राहिली.

"माका वाटलेला, तू आसस म्हणान मी नाय भियाणार," तो म्हणाला. पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली होती. "म्हयनाभर तुझ्या भरवशार धीट होतंय मी."

तू. त्याने तू म्हटलं.

"तू जातलंस," ती म्हणाली. "थय गेल्यार फोन लागाचो नाय. लागलो तर आवाज येवचो नाय. तुका थंडी लागात, ताप येयत, माका कळाचा नाय. थय कोणतरी चांगली मुलगी भेटात. विजेक न भियाणारी. तू आधी रोज फोन करशीत, मगे दोन दिवसांनी, मगे सणाक. मगे एक दिवस माका कोणतरी सांगात…"

"आणि?"

"आणि काय? एवढा पुरा नाय?"

"नाय. सगळा सांग. तू खर्च अर्धवट काढनस नाय."

वाऱ्याने नेट हललं. तिने कलमाच्या पट्टीवरून बोट काढलं आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. डोळे भरले होते, पण ती बघत राहिली.

"आणि समजा…" ती अगदी हळू म्हणाली. "समजा, ह्यातला कायच झाला नाय तर?"

ती भीती विश्वेशच्या ध्यानात आलीच नव्हती. ती सगळ्यांत मोठी होती.

"मगे काय…" तो म्हणाला. "मगे लग्नच करूचा लागतला."

"अरे देवा."

"व्हय."

"माका भिया वाटता."

"माकाय."

तिने त्याचं बोट धरलं. एकच, करंगळी. पूर्ण हात धरायचं धाडस अजून व्हायचं होतं.

"पण मगे," ती म्हणाली, "बाबांक सांगतलो कोण?"

दोघांचेही चेहरे पांढरे पडले. ऋताचे बाबा निवृत्त हेडमास्तर. त्यांच्यासमोर वालावलमधली सत्तर वर्षांची माणसंही विडी मागे लपवायची.

"तू सांग," विश्वेश म्हणाला. "तुझे बाबा."

"मी? लग्नाचा तुझ्या तोंडातसून इला!"

"पण प्रश्न तू काढलंस!"

"मी नुसतो धोको सांगितलंय! उपाय तू सांगितलंस, आता तूच निस्तर!"

"आधी तू आईक सांग, आई बाबांक सांगतली—"

"आई बाबांक भियाता!"

"मगे भाईंक सांगूया, भाई सांगतले—"

"भाई बाबांचे विद्यार्थी! अजून पुढ्यात बसनत नाय!"

"मगे तुळसाक—"

"माका कोण विचारणत नाय," शेडच्या पलीकडून तुळसाचा आवाज आला. "पण टेम्पो गेलो."

"खंय गेलो?" दोघं एकदम ओरडले.

"मुंबैक. तुमी बाबांपर्यंत पोचाची वाट बघून ड्रायव्हर कंटाळलो. आता तो तालुक्याच्या भायर गेलो आसतलो."